आवाज पुढे, चित्र मागे

जळगावात चैत्र अर्धा सरला की ऊन डोक्यावर येण्याआधीच घरं मिटून घ्यावी लागतात. आमच्या बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडे एक मोठी खिडकी आहे. तिच्यावर मी जुनी सतरंजी भिजवून टांगते. थोड्याच वेळात ती वाळून ज्वारीच्या बिबडीसारखी, म्हणजे आमच्याकडच्या जाड पापडासारखी, कडक होते आणि गजांवर खरखरू लागते. मग पुन्हा भिजवायची. कूलरमधल्या वाळ्याचा सुगंध पहिले काही दिवस देवघराची आठवण देतो, नंतर त्यात शेवाळाची आंबूस छटा मिसळते, आणि वैशाख लागेपर्यंत नाक त्या वासाची दखल घेणं सोडून देतं. भिंतीला तळवा टेकवला तर तापानं फणफणलेल्या कपाळाचा स्पर्श होतो. अशा बंद घरात, सतरंजीतून गाळून आलेल्या तपकिरी अंधारात, दिवसाचा सगळा मधला भाग आम्ही तिघं काढत असू: माझे सासरे, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणते, सासूबाई, आणि मी. नवरा पाइपच्या कारखान्यात कामाला. तो दिवे लागायच्या सुमारास परतायचा, तोवर घरात जे काही बोललं जायचं ते आम्हा तिघांतच फिरत राहायचं.

नाना एसटीत कंडक्टर होते. यावल, फैजपूर, रावेर अशा केळीच्या बागांमधून जाणाऱ्या गाड्यांवर त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खाल्ली. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं, आणि आता उजेड आहे की नाही एवढंच त्यांना कळतं. त्याच सुमारास सासूबाईंच्या कानांनीही निरोप घ्यायला सुरुवात केली. आधी पक्षी गेले, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. श्रवणयंत्र आणलं होतं. पण ‘त्यात नुसते भांडे पडते’ असं म्हणून त्यांनी ते वेलदोड्यांच्या डबीत ठेवून दिलं. समोरच्याच्या ओठांवरून त्या बरंचसं ओळखतात. अडचण अशी, की नाना बोलताना त्यांच्याकडे तोंड करतीलच याचा भरवसा नाही. पत्नी उजवीकडे बसली आहे असं समजून ते पुष्कळदा उजवीकडच्या भिंतीलाच सगळं समजावून सांगतात.

म्हणून त्या दोघांनी बोटांची एक भाषा तयार केली होती. गाडीत कंडक्टर दोरी ओढतो तेव्हा एक टोला म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. नाना सासूबाईंच्या मनगटावर टिचकी मारत. एक टिचकी: थांब, काहीतरी घडतं आहे. दोन: झालं, चल पुढे. एवढ्या दोनच शब्दांवर त्यांची अख्खी दुपार निघे. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, मध्ये हातावर हात, आणि समोर टीव्ही.

त्या टीव्हीला धाकट्या दिरानं दिवाळीत पुण्याहून आणलेला एक डबा जोडलेला होता. साबणाच्या वडीएवढा, काळा, गुळगुळीत. केबल बंद करून टाकली. आता इंटरनेटवरून सगळं दिसेल, असं दीर म्हणाला, आणि हिवाळाभर दिसलंही. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून नाना आपल्या बोलीत मालिकेचं नाव सांगत आणि डबा त्यांना भलत्याच भाषेतलं गाणं काढून देई, तेव्हा आम्ही तिघंही हसायचो. दोघांना आवडे ती एक जुनी पौराणिक मालिका. तिचे इतके भाग होते की राजांच्या पिढ्या सरल्या तरी मालिका सरत नव्हती.

होळीनंतर ऊन तापलं तसा डबाही तापू लागला. सकाळी ठीक असे. भाग सुरू होऊन थोडा वेळ झाला की चित्र अडखळू लागे, एखाद्या चेहऱ्यावर खिळून राही, आणि आवाज मात्र त्याची वाट न पाहता पुढे निघून जाई. मग चित्र धावतपळत मागून येई. पण ते आवाजाला कधीच गाठत नसे. शंख वाजून गेल्यावर देव तो ओठांना लावत. राक्षस तोंड मिटून गडगडाटी हसे, आणि हसणं थांबलं की त्याचा जबडा उघडे. रडणाऱ्या राणीचे डोळे कोरडे असत. हुंदका केव्हाच होऊन गेलेला असे, आणि पाणी नंतर येई.

मी मराठी कवितेची विद्यार्थिनी. काही वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वृत्तं आणि छंद शिकवले होते. ओळीत एक मात्रा जास्त झाली तर ती मला दातात अडकलेल्या कणासारखी टोचते. माझ्या लक्षात हा घोळ पहिल्याच दुपारी आला. नानांना मात्र तो कळणं शक्य नव्हतं, कारण चित्र त्यांना दिसत नव्हतं. सासूबाईंनाही नाही, कारण आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. त्यांच्या दृष्टीनं मालिका कधीमधी थबकत होती, एवढंच. चूक कळायला दोन्ही इंद्रियं लागतात, आणि त्या घरात दुपारच्या वेळी ती दोन्ही असलेलं माणूस एकच होतं.

त्यांना जे कळलं ते एकमेकांमुळे.

“आता तो पडीन, पाय!” नाना अचानक खुर्चीत पुढे सरकून ‘बघ’ म्हणून बजावत आणि मनगटावर टिचकी मारत.

सासूबाई पडद्याकडे बघत. राजा ताठ उभा असे. “कोन पडते? उभा हाये तो!”

“पडला. मेला बी.”

“दिसत काई नाई, न मले टीव्ही दाखवते!”

“तू कानात कापूस कोंबेल हाये का? एवढ्यानं बोंबलला तो!”

आणि मग राजा पडे. सासूबाई नानांकडे अशा काही संशयानं बघत, जणू यांनीच त्याला ढकललं. एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून, त्यांच्या मते अगदी हळू आवाजात, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असं विचारलं, “खरं सांग पोरी. यानं हे आधी पायेल हाये ना? तू याले एकट्याले लावून देते ना?”

“आई, नानांना दिसत नाही,” मी ओठ स्पष्ट हलवून म्हटलं.

“तेच तं,” त्या म्हणाल्या. “दिसत नाई, न सगळं माहीत!”

यावरचा तोडगा मला लवकरच सापडला. मालिका क्षणभर थांबवून पुन्हा सुरू केली की आवाज आणि चित्र एका रेषेत येत. थोड्या वेळानं पुन्हा फाटत. म्हणजे कोणीतरी पुन्हा थांबवायची, पुन्हा सुरू करायची. नवा भाग लागला तरी ते आपोआप जुळत. पण तोवरच्या वेळात भांडण पेटून निघायला वाव असे. त्यामुळे मी कणीक मळताना कान बैठकीत ठेवी. शंखाची फुंक ऐकू आली की हात पिठात तसेच घेऊन बाहेर धावे, पडद्यावरच्या शंखाकडे पाही, आणि कोपरानं रिमोटचं बटण दाबी. वाचायला बसले तर ओळीच्या मध्येच उठे. न्हाणीघरात पाण्याचा आवाज बंद करून ऐके. दिवसभर मी एक फाटलेली शिवण चिमटीत धरून बसल्यासारखी त्या खोलीच्या आसपास असे. दाराबाहेर पाऊल टाकावं तर किती दूर, याचा हिशोब माझ्या पायांनाच कळू लागला होता: कपड्यांच्या दोरीपर्यंत, तुळशीपर्यंत, फार तर फाटकाच्या कडीपर्यंत.

आणि मला धुळ्याला जायचं होतं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. दिवाळी एक वेळ चुकली तर चालते. आखाजी चुकत नाही. माझ्या माहेरच्या अंगणात कडुनिंबाला झोका बांधतात. चऱ्हाट नवं असतं, त्याच्या काथ्याचे बारीक काटे तळहातांत रुततात, आणि गौराईची गाणी म्हणत बायका दोघी दोघी उभ्यानं झोका चढवतात. नानांची नजर गेल्यापासून मी गेले नव्हते. त्या वर्षी मला आईची आठवण येत होती हे खरंच. पण त्याहून जास्त, माझ्या अंगाला झोक्याची आठवण येत होती. पुढे जाताना पापण्यांवर येणारा वारा, मागे येताना मानेवरचे केस उडवणारा वारा. ज्या घरात हवा फक्त कूलरच्या तोंडातून, ओली आणि एकाच दिशेनं येते, तिथे बसून मला रोज दुपारी तो वारा आठवे आणि पोटऱ्या आपोआप ताठ होत.

आई फोनवर अहिराणीतच बोलते. “बठ्ठ्या पोरी ई ग्यात,” सगळ्या आल्याचं तिनं सांगितलं. “झोका बांधी ठेयेल शे. तूच बाकी शे.”

“बघते गं आई. इथे डब्याचा घोळ झालाय.” मग मी तिला सगळं सांगितलं: चित्र, आवाज, भांडणं.

ती म्हणाली, “तुनी सासूनं घर डबावर चालस का?”

घर खरोखरच त्यावर चाललं होतं. फाल्गुनात एका दुपारी भांडण विकोपाला गेलं होतं. मी गच्चीवर वाळवण काढायला गेले होते, तेवढ्यात. सासूबाई रागानं उठल्या आणि भर उन्हात अनवाणी शेजारच्या मारवाडी काकूंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांना परत बोलवायला म्हणून नाना कोणाच्याही हाताशिवाय उठले, आणि दाराच्या चौकटीनं त्यांचं कपाळ फोडलं. टाके घालावे लागले. तेव्हापासून नवऱ्याचं म्हणणं ठरलेलं होतं आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

“तू चार दिवस जा ना,” तो म्हणाला. “काकू जेवण आणून देतील, संध्याकाळी मी आहेच. पण दुपारी हे दोघं खुर्चीतून उठायला नकोत. टीव्हीपुढे शांत बसणार असतील तर खुशाल जा. भांडले की उठणार, आणि उठले की कोणीतरी पडणार.”

म्हणजे माझी आखाजी त्या साबणाच्या वडीवर येऊन ठेपली होती. ती नीट चालली, तर मी झोक्यावर.

मी दिराला फोन केला.

“वहिनी, कॅशे क्लिअर केली का?”

“केली.”

“रीस्टार्ट?”

“दिवसातून तीन-चार वेळा.”

“अॅप अपडेट करून बघा.”

“केलं. ते म्हणतं, नवं अॅप या उपकरणावर चालणार नाही.”

“अरे बाप रे. मग एक करा, डबा उन्हापासून लांब ठेवा.”

“जळगावात उन्हापासून लांब कुठे असतं ते सांगा, तिथे नेऊन ठेवते.”

तो हसला, मला हसू आलं नाही. मग त्यानं जरा विचार करून सांगितलं, की टीव्ही आम्ही मोठा घेतला आहे आणि डबा आहे साधा. त्या मोठ्या पडद्यासाठी तो आपल्या कुवतीबाहेरचं बारीक, स्वच्छ चित्र काढायला बघतो. आवाजाला ताकद कमी लागते, तो पुढे जातो. चित्राला दम लागतो. “सेटिंग्जमध्ये जाऊन चित्राचा दर्जा दोन पायऱ्या खाली आणा,” तो म्हणाला. “थोडं धुरकट दिसेल. पण दम लागणार नाही.”

मी तसं केलं. चित्र किंचित मऊ झालं, दागिन्यांच्या कडा विरघळल्या, मुकुटातले खडे एकमेकांत मिसळले. पण देवानं शंख ओठांना लावला आणि त्याच क्षणी तो वाजला. मी उभीच राहिले. राणी रडली, आणि तिचे डोळे त्याच वेळी भरून आले. भाग संपला, दुसरा लागला, तिसरा लागला. शिवण कुठेही उसवली नाही. डब्यावर हात ठेवून पाहिला तर तो कोमट होता, झोपलेल्या मांजराच्या पाठीसारखा. स्वयंपाकघरात जाऊन मी कित्येक दिवसांनी कणीक शेवटपर्यंत मळली. तिचा गोळा हाताला न चिकटता सुटला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर धुळ्याची गाडी होती: एरंडोल, पारोळा, मग तो उघडा माळ.

त्या दुपारी बैठकीतून एकही शब्द आला नाही.

मला वाटलं, हीच ती शांतता. मी दोनदा दारातून डोकावले. सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. नाना मान थोडी तिरकी करून ऐकत होते. हातावर हात होता. पण नानांचं बोट निजलेलं होतं. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं. राजा पडला तेव्हा तो दोघांसाठी एकदमच पडला. एकाला ऐकू आला, दुसरीला दिसला, आणि तो विषय तिथेच संपला. थोड्या वेळानं सासूबाईंनी पदर सावरायला हात काढून घेतला आणि परत ठेवला नाही. एकाच फलाटावर वेगवेगळ्या गाड्यांची वाट पाहणाऱ्या दोन प्रवाशांसारखे ते दिसत होते.

तरीही मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, “आज एकदाही भांडले नाहीत.” तो खूश झाला. मी बॅग काढून तिच्यात दोन साड्या ठेवल्या. त्यांच्या घड्यांना कपाटातल्या कापराचा वास होता.

दुसऱ्या दुपारीही तीच शांतता. मी निर्धास्तपणे मागच्या खोलीत पुस्तक घेऊन पडले. कूलरच्या घरघरीत मालिकेचे संवाद मिसळून एक अखंड गुंगी तयार झाली होती. माझाही डोळा लागला असावा. जाग आली ती एका वेगळ्याच आवाजानं: लोखंडावर लोखंड घासल्याचा, अगदी हळू. मी बाहेर आले. सासूबाई खुर्चीत मान टाकून गाढ झोपल्या होत्या. नानांची खुर्ची रिकामी होती.

ते पुढच्या दाराशी उभे होते. भिंतीला धरून, खोली ओलांडून, कपाळ फोडणाऱ्या त्याच चौकटीपाशी पोचले होते, आणि कडी चाचपत होते. दार उन्हानं इतकं तापलेलं असतं की मी कडी पदरानं धरते. त्यांची बोटं उघडी होती.

“नाना! कुठे निघालात?”

ते दचकले नाहीत. “कुठी नाई,” ते म्हणाले. “बसल्या बसल्या कटाया आला.”

“मला हाक मारायची ना.”

“कायले? इथी मले काई काम नाई.”

मी त्यांचा हात धरून त्यांना परत आणलं. बोटांची पेरं लाल झाली होती. माठातल्या पाण्यात पंचा भिजवून मी त्यांभोवती गुंडाळला. पडद्यावर कोणीतरी कोणाला वर देत होतं, ओठ आणि शब्द अगदी अचूक जुळवून. नाना बराच वेळ ऐकत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “तू त्या डब्याले काई केलं का, पोरी?”

“हो. दुरुस्त केला.”

“आधी काय बिघडेल होतं?”

मी त्यांना सांगितलं. आवाज आधी येत होता, चित्र मागून येत होतं. म्हणून तुम्हाला सगळं आधी कळत होतं आणि आईंना नंतर दिसत होतं. म्हणून भांडणं होत होती.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग एक असं हसू आलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. “अस्सं,” ते म्हणाले. “म्हनजे मी खरंच पुढं होतो.” आणि थोड्या वेळानं, “ते पयलेसारखं करून दे. तवा मले पुढचं समजे. हिले सांगता ये.”

मागच्या खोलीत जाऊन बॅगेजवळ बसले. दोन साड्या तशाच होत्या. डबा पहिल्यासारखा करायचा म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे नवऱ्याच्या अटीप्रमाणे माझं घरी राहणं. तसाच ठेवायचा, तर मी उद्या जाऊ शकत होते. फक्त दुपारी एक जण झोपणार होतं आणि दुसरं माणूस भिंत धरून तापल्या दाराकडे चालणार होतं. जणू खोलीला दोन दारं होती आणि दोन्ही बाहेरून लावलेली होती. मी आईला फोन लावला आणि यंदाही जमणार नाही असं सांगितलं. तिच्यामागून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता, झोक्याबरोबर जवळ येणारा आणि लांब जाणारा. मग तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी चित्राचा दर्जा पुन्हा वर नेला. मुकुटातले खडे वेगवेगळे चमकू लागले. आता लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून सासूबाईंसमोर उभं राहून, ओठ स्पष्ट हलवून, मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं, आणि म्हणाल्या, “मंग मी काय म्हनत होती? याले आधीच माहीत राहे!”

मी स्वयंपाकघरात गेले. सांजोऱ्यांसाठी रवा भाजायला घेतला. माहेरी न्यायच्या नव्हत्या. पण सण उद्यावर आला होता. तुपात रवा तांबूस होऊ लागला, वेलदोडा पडला, आणि बैठकीत शंख वाजला. माझे पाय आपोआप वळले. पण रवा अशा टप्प्यावर होता की हात थांबवला असता तर करपला असता. मी ढवळत राहिले.

“थांब! आता तो शाप दीन, पाय.”

“कोन? तो तं हसून रायला.”

“दिला. दिला शाप!”

“कोनाले? अरे, काय म्हने तो?”

नाना बोलले नाहीत.

“काय म्हने सांग ना!”

“तुले पटत नाई ना माहं? मंग पाय तुही तूच.”

खुर्ची जमिनीवर घासल्याचा आवाज आला. सासूबाई उठल्या होत्या. माझ्या हातातला कालथा थांबला. त्यांची पावलं दाराकडे गेली. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारात आले. त्या उंबरठ्याशी उभ्या होत्या, कडीवर पदर धरून. मागे पडद्यावर ऋषी आता कुठे हात उंचावत होता. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांकडे डोळे बारीक करून पाहिलं. पण ऋषीला दाढी होती, भरघोस, आणि तिच्यातून ओठ वाचणं कोणालाच शक्य नव्हतं.

त्या परत फिरल्या. खुर्ची नानांच्या खुर्चीला टेकेल इतकी सरकवली, बसल्या, आणि त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरून त्यांचं तोंड स्वतःकडे वळवलं.

“आता बोल,” त्या म्हणाल्या.

नाना बोलले. शाप काय होता, कोणाला, का. मध्ये स्वतःचं थोडं घालून. त्या ओठांकडे बघत होत्या, मध्येच पडद्याकडे, पुन्हा ओठांकडे. मनगटावर दोन टिचक्या पडल्या. नंतर पुन्हा भांडण झालं, कारण शाप उलटायचा उपाय सांगायला नानांनी नकार दिला. पण कोणी उठलं नाही. मी दारात उभी होते. इतके दिवस शंख वाजला की मीच धावत जाऊन ते भांडण तोडत आले होते. पण ते चालू राहिलं तर पुढे काय होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. फाल्गुनात मी गच्चीवर असताना ते माझ्या पाठीमागे एकदाच पूर्ण झालं होतं, आणि तेव्हा समोर दाढीवाला ऋषी नव्हता.

मी त्या दुपारी पुन्हा बाहेर आले नाही. रवा थंड झाला, सारण झालं, पाऱ्या लाटून झाल्या. सांजोऱ्या तळताना तेलात पहिला बुडबुडा आला तेव्हा बैठकीत नवा भाग लागला होता. संध्याकाळी नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. “म्हणजे भांडू द्यायचं?”

“भांडू द्यायचं. आणि डब्याला हात लावायचा नाही.”

“आणि पडले तर?”

सणाचे उरलेले दोन दिवस मी जावं आणि तो दुपारी जेवायला घरी येईल असं ठरलं, आणि काकूंनी जेवण देताना थोडा वेळ बसावं, असंही. चार दिवसांचे दोन झाले होते, आणि मी आईला तसं कळवलं. तेवढे मला पुरणार होते की नाही, हे मला माहीत नव्हतं. रात्रभर माझी झोप दाराच्या कडीपाशी घुटमळत राहिली.

सकाळी सतरंजी भिजवून टांगली. कूलरमध्ये पाणी भरलं. माठ खुर्च्यांच्या जवळ आणून ठेवला. दोघांना बसवून मालिका लावून दिली आणि बॅग घेऊन पाया पडायला त्यांच्यासमोर गेले. काय सांगायचं ते मी मनात नीट रचून ठेवलं होतं: पाणी पीत राहा, काकू येतील, दार उघडू नका, मी परवा येते. वाकून उठले, आणि तोंड उघडलं.

सासूबाईंनी मान एका बाजूला लांब केली. “बाजूला सर, पोरी,” त्या म्हणाल्या. “दिसत नाई.”

“लढाई लागली,” नाना मला म्हणाले, का भिंतीला, कोण जाणे.

मी बाजूला झाले. पुढे काही क्षण मी तिथेच उभी होते, बॅगेचा पट्टा हातात गुंडाळत, कोणीतरी वळून पाहील म्हणून. पदरानं कडी धरून दार उघडलं तेव्हा ऊन एकदम आत आलं आणि पडद्यावरचं चित्र फिकं पडलं.

“अवं, दार लाव!” सासूबाई ओरडल्या.

मी दार लावलं. बाहेरून.